शनिवारचा हिरवा ठिपका

निरीत कोर्लेकर रागावली की आवाज चढवत नाही, उतरवते. पनवेलच्या तिच्या कंपनीत हे आता सगळ्यांना पाठ झालं आहे. ती तावातावाने बोलत असली तर मंडळी निर्धास्त चहा पीत राहतात. पण तिने हळूच "एक मिनिट" म्हटलं, की खुर्चीत पसरलेला माणूससुद्धा पाठ ताठ करतो.

तिचं काम विचारलंत तर ती सांगेल, "वस्तू मोडते." कंपनीने बनवलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या घरी जाण्याआधी ती कुठे दगा देते ते शोधून काढायचं, हे तिचं काम. वस्तू म्हणजे साबणाच्या वडीएवढ्या पांढऱ्या डब्या. मुलं परदेशात आणि आई किंवा वडील घरात एकटे, अशा घरांसाठी. एक डबी दारावर, एक स्वयंपाकघरात, एक न्हाणीघराच्या बोळात. डब्या माणसाची हालचाल टिपतात आणि इंटरनेटवरून कळवतात. बराच वेळ काहीच हललं नाही तर मुलाच्या फोनवर घंटा वाजते. एरवी त्या फोनवर एक हिरवा ठिपका दिसत राहतो. हिरवा म्हणजे आई ठीक आहे.

या डब्यांचे निरीतने हालहाल केले होते. फोडणीच्या धुरात धरल्या, वीज घालवून बघितल्या, वायफायचं रिचार्ज मुद्दाम संपू दिलं. भिंतीवरची पाल डबीवरून गेली तर डबी तिला माणूस समजते का, हे बघायला ती पालीची वाट बघत स्टुलावर बसून राहिली होती. केतन नावाचा तरुण प्रोग्रॅमर हसला तेव्हा म्हणाली, "हस. पाल फिरतेय म्हणून आई ठीक आहे असं कळवलं, तर त्या मुलाला कोण तोंड दाखवणार? तू?"

हा स्वभाव वडिलांचा. राफेल कोर्लेकर पनवेल स्टेशनात सिग्नल खात्यात होते. निरीत लहान असताना ते तिला रुळांच्या कडेला उभं करून सिग्नलचा लोखंडी हात दाखवायचे. हात खाली झुकला तर गाडीने जायचं, आडवा असला तर थांबायचं.

"ओढणारी तारच तुटली तर हात कुठे जाईल, निरू?"

"खाली पडेल."

"खाली म्हणजे गाडीला जा म्हणून सांगितल्यासारखं. मग?"

"मग... आडवा व्हायला पाहिजे."

"शाबास. म्हणून वजन असं लावलेलं असतं की तार तुटली तरी हात आडवाच होतो. बिघडलं की थांबा म्हणायचं. बिघडूनही जा म्हणतो, त्याच्यासारखा खोटारडा दुसरा नाही."

राफेल गेले. आई धाकट्या मुलीबरोबर इस्राएलला गेली. निरीत तेवढी राहिली. "तू का नाही जात?" हा प्रश्न तिला आयुष्यात इतक्यांदा विचारला गेला आहे की ती आता उलट विचारते, "तुम्ही कधी निघताय?" तिच्या दोन नोकऱ्या शनिवारपायी गेल्या. ती कोकणातल्या बेने इस्राएलांपैकी, म्हणजे ज्यू; शब्बाथ पाळते. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम नाही, बटण दाबणं नाही, फोन नाही. या कंपनीचा मालक हितेश मात्र मुलाखतीतच म्हणाला होता, "शनिवारी तू येऊच नकोस. तुझा नियम तो आमचा नियम." त्या एका वाक्यापायी तिने त्याचा पुढचा कितीतरी आगाऊपणा पोटात घातला.

डब्या सगळ्यात आधी लागल्या त्या मझलआत्याच्या घरी. मझल ही राफेलची बहीण. जुन्या पनवेलीत, सिनेगॉग या प्रार्थनामंदिरापासून हाकेच्या अंतरावर, तिचं बैठं घर आहे. मुलगा रोनेन तिकडे इस्राएलमध्ये, अश्दोदला. खऱ्या घरात, खऱ्या माणसावर डब्या पारखून घ्यायच्या होत्या, आणि आत्या तयार झाली. तयार झाली म्हणजे भांडून तयार झाली.

"शनिवारी हे काय करणार?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"नुसतं बघणार, आत्या. तू काही दाबायचं नाहीस."

"मग बघू दे. मी काही सांगितलेलं नाही. त्याचं पाप त्याला."

पण शनिवारी बघण्यासारखं काही नसायचं. आत्या सकाळी प्रार्थनेला जाऊन यायची, आदल्या दिवशी करून ठेवलेलं थंड जेवण जेवायची आणि ओटीवरच्या खुर्चीत बसायची. ओटीवर डबी नव्हती. दुपार कलेपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल नाही, बोळात क्वचित. पहिल्याच शनिवारी घंटा वाजली. रोनेनने घाबरून सिनेगॉगाशेजारच्या कुणाकुणाला फोन केले, आणि आत्या सुखरूप खुर्चीत डुलक्या घेताना सापडली. पुढच्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी रोनेन हितेशवर ओरडला.

मग केतनने डब्यांना शिकवलं. म्हणजे असं, की घराची सवय डब्यांनी आपली आपण शिकावी. मझलआत्याच्या डब्या शिकल्या, शनिवारी हे घर गप्प असतं. घंटा थांबली. शिवाय हितेशने दिव्यांच्या बटणांनाही यंत्र जोडून दिलं. शुक्रवारी रात्री दिवा आपोआप मालवायचा, शनिवारी संध्याकाळी आपोआप लागायचा. रोनेन खूश झाला. त्याने मागच्या घरातल्या गंगाबाईंना फोन करून सांगितलं, "काकी, आता तुम्ही त्रास घेऊ नका. सगळं मशीन बघतं."

या गंगाबाई म्हणजे लहान असामी नव्हे. विमानतळाकडची त्यांची शेती गेली, तिच्या मोबदल्यात मुलांनी आत्याच्या परसामागे तीन मजली इमारत बांधली. हातात पाटल्या, कमरेला चाव्यांचा जुडगा. तरी लग्न होऊन आल्यापासून दर शुक्रवारी रात्री त्या आत्याचा दिवा मालवायला यायच्या आणि शनिवारी दुपार कलली की परसदारातून शिरून चहा टाकायच्या. चहा स्वतःसाठी करायच्या, पहिला कप स्वतः घ्यायच्या. उरला म्हणून आत्या प्यायची. शब्बाथ पाळणाऱ्या आत्याला कुणाला काम सांगायचं नव्हतं, आणि गंगाबाईंना कुणाचं काम करायचं नव्हतं. चहा मात्र दोघींना लागायचा.

रोनेनच्या फोनानंतर गंगाबाई यायच्या बंद झाल्या. आत्याने एकदाही त्यांचं नाव काढलं नाही.

डब्यांच्या या शिकण्यातलं निरीतला अर्धंच ठाऊक होतं. उरलेलं कळलं ते एका शुक्रवारी दुपारी. पळस्प्याच्या पुढे ज्येष्ठ नागरिकांसाठी बांधलेलं एक संकुल होतं, तिथल्या चाळीस घरांत दिवाळीआधी डब्या बसायच्या होत्या. निरीतने चाचणी उत्तीर्ण म्हटल्याशिवाय डब्या निघणार नव्हत्या, आणि हितेशने मिठाईसुद्धा सांगून ठेवली होती. निरीत सगळं शेवटचं चाळत होती. चाळता चाळता तिने सहज विचारलं,

"केतन, शनिवारी आत्या पडली तर घंटा कधी वाजेल?"

"शनिवारी?" केतनने मान वर केली. "पण शनिवारी त्या हलतच नाहीत ना."

"एक मिनिट," निरीत म्हणाली.

केतन सरळ बसला.

"ती बसली आहे म्हणून हलत नाही, की पडली आहे म्हणून हलत नाही, हे डबीला कसं कळतं?"

केतनने स्क्रीनकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग आपल्या नखांकडे.

निरीतने चाचण्यांची वही ओढून घेतली. राग केतनचा नव्हता, तो पोरगा सांगितलं ते करणारा. तिने आपले सगळे वार डोळ्यांपुढे आणले. धूर सोमवारी, वीज बुधवारी, पाल गुरुवारी. बोळात गादी टाकून ती स्वतः आडवी पडली होती, घंटा खणखणीत वाजली होती, तो मंगळवार. शनिवार कुठेच नव्हता. शनिवारी ती घरी असायची, आपला नियम पाळत. आणि नेमका तोच वार डबीने आंधळेपणाने शिकून घेतला होता.

ती हितेशच्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं.

"हे पळस्प्याला जाणार नाही."

हितेशने आधी ऐकून घेतलं. मग हसला. "निरीत, अरे यार, शब्बाथ पाळणारी घरं पनवेलीत किती? तुझी आत्या आणि अजून दोन-चार. पळस्प्याला एक तरी आहे का?"

"शब्बाथचा प्रश्नच नाही. तिथे कुणी दुपारी जेवून ताणून देत असेल. कुणी गुरुवारी मौन धरून देवाजवळ बसत असेल. डबी जिथे जिथे गप्पपणा शिकेल, तिथे तिथे आंधळी होईल. आणि आंधळी होऊन हिरवी दिसेल. घंटा वाजली नाही एवढ्यावर भागत नाही, हितेश. ती ठीक आहे म्हणून सांगते!"

"आधी खोट्या घंटा वाजतात म्हणून बोंब. आता वाजत नाहीत म्हणून बोंब."

"खोटी घंटा परवडते. खोटा हिरवा परवडत नाही."

"हे तुझ्या रेल्वेवाल्या पप्पांचं वाक्य झालं."

"हो. आणि त्यांच्या हाताखाली कधी गाडी गाडीवर गेली नाही."

हितेशही आता चिडला. "सगळं तुझ्या कल्पनेत आहे! टेस्ट कुठे केलीस? कर ना उद्या." थांबला, आणि जीभ आवरायच्या आत बोलून गेला, "अरे सॉरी, उद्या शनिवार. उद्या मॅडमची सुट्टी."

निरीत टेबलापाशी आली. बोलली तेव्हा आवाज इतका खाली गेला होता की हितेशला पुढे वाकावं लागलं.

"उद्या जेवण झालं की आत्याच्या घरी ये. मी कशाला हात लावणार नाही. फोन तुझा, डोळे तुझे. घंटा वाजली तर सोमवारी मी उत्तीर्ण म्हणून लिहीन आणि तुझी मिठाई खाईन."

सूर्य मावळायच्या आत ती आत्याकडे मुक्कामाला गेली. शब्बाथचे दिवे लावून झाले होते, मनुकांचं सरबत पेल्यात होतं. आत्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी बोळात पडून राहायचं?"

"गादी घालते आत्ताच. नको वाटलं तर नको म्हण."

"पडणं म्हणजे काम नव्हे. पडल्यावर उठणं हे काम, ते मी चांदण्या दिसल्यावर करीन." पेला ठेवून तिने ओठ पुसले. "शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आमच्या वाडवडलांना सगळं कोकण शनिवार तेली म्हणायचं. शेजाऱ्याला कळत होतं तेली शनिवारी गप्प का बसलाय ते. या डबडीला सांग म्हणावं."

शनिवारी दुपारी आत्या बोळातल्या गादीवर आडवी झाली. हितेश आणि निरीत ओटीवर, डब्यांच्या नजरेबाहेर. हितेशच्या गुडघ्यावर फोन, फोनवर रोनेनला दिसतो तोच हिरवा ठिपका. निरीत हात मांडीवर ठेवून बसली होती. पंखा आदल्या दिवसापासून चालू होता तो गरगरत होता.

"हितेश," आत्या पडल्या पडल्या म्हणाली, "तुझी आई कुठे असते?"

"घाटकोपरला, आंटी. भावाकडे."

"डब्या लावल्यास?"

"तिथे माणसं आहेत ना घरात."

"अस्सं," आत्या म्हणाली. ते 'अस्सं' ओटीवर बराच वेळ रेंगाळलं.

इतर वारी घंटा वाजते ती वेळ टळून गेली. ठिपका हिरवा. हितेशने फोन बंद करून चालू केला. ठिपका हिरवा. त्याने केतनला फोन लावला, हळू आवाजात बोलला. केतनकडेही हिरवाच होता. उन्हं भिंतीवर चढली. आत्याने कूस बदलली नाही. तिचे पाय तेवढे दिसत होते, सुरकुतलेले, एकमेकांना टेकलेले. निरीतने त्या पायांकडे बघितलं आणि तिच्या मनात आलं, हे खरं असतं तर? हे पाय असेच दिसले असते. ठिपकाही असाच.

तेवढ्यात परसदार धाडकन उघडलं. परसदारावर डबी नव्हतीच. केतनने काढलेल्या नकाशात ते दारच नव्हतं.

गंगाबाई भांडायलाच आल्या होत्या. दारात हितेशची मोठी गाडी उभी पाहून त्यांचा इतक्या दिवसांचा राग उसळला होता. "मझल! तुज्या पोरान फोनवर माना काढून टाकला, तू तुज्या तोंडान सांग ना..." एवढं बोलून त्या बोळाच्या तोंडाशी आल्या, आणि थबकल्या. खाली मझल. पलीकडे ओटीवर तिची भाची आणि एक परका माणूस, दोघं फोनकडे बघत बसलेले.

"अगो बाय! म्हातारी मरून परली नि तुमी फोन बघताव? लाज हाय का नाय तुमाला?" चाव्यांचा जुडगा काढून त्या हितेशच्या अंगावर धावून गेल्या. हितेश खुर्चीसकट मागे सरकला.

"मेले नाही मी," बोळातून आवाज आला. "ओरडू नकोस. टेस्ट चालू आहे."

"कसली टेस?"

"मी पडले तर कुणाला कळतं का, त्याची."

गंगाबाईंनी आधी आत्याकडे पाहिलं, मग हितेशकडे, मग त्याच्या फोनवरच्या ठिपक्याकडे. "मंग? कललं का?"

हितेशने फोन पालथा ठेवला. निरीत बोलली. "नाही कळलं, काकी."

गंगाबाई मटकन आत्याच्या उशाशी बसल्या. राग मात्र उतरला नव्हता, त्याने नुसती कूस बदलली होती. "येवरे शनवार गेले. एक हाक मारलीस माना?"

"शनिवारी मी फोन करत नाही."

"नि आयतवारी? आयतवारी तुजा हात मोरतो?"

आत्या छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, तूच कंटाळलीस. सुटले एकदाची म्हणत असशील."

"यरी हाय ही," गंगाबाई डोक्याशी बोट फिरवत निरीतला म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसायच्या ऐवजी आत्याचाच घाम पुसला.

"आता बोळात हालचाल झाली," हितेश घसा खाकरून म्हणाला. "आता टेस्ट धरता येणार नाही."

"एक मिनिट," निरीत म्हणाली. "वेळ मघाशीच टळली होती, ती तू तुझ्या डोळ्यांनी बघितलीस. आता उठू नको. चांदण्या दिसेपर्यंत थांब. अजून एक बाकी आहे."

चहा झाला. गंगाबाईंनी स्वतःसाठी टाकला, चौघांना पुरला. अंधारून आलं, दिवा आपोआप लागला. गंगाबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं सवतीकडे बघावं. आणि हितेशच्या गुडघ्यावरचा फोन एकदाच किणकिणला. घंटा नव्हे. रोज संध्याकाळी मुलाला जाणारा निरोप होता. त्याच्यात लिहिलं होतं, तुमच्या आईचा दिवस शांततेत गेला. पुढे एक लाल बदाम.

हितेशने तो निरोप वाचला. पुन्हा वाचला. ती शब्दरचना त्याचीच होती, बदामही त्याचाच.

आत्याने अंगणात जाऊन चांदण्या पाहिल्या आणि परत येते तो तिचा फोन वाजला. रोनेन. तो तिकडे शब्बाथ पाळत नाही, हे आत्याला माहीत आहे आणि माहीत नसल्यासारखी ती वागते.

"आई, कशी आहेस? आज शांत दिवस गेला म्हणे. मेसेज आला आत्ता. मस्त ना?"

आत्याने फोनचा आवाज मोठा केला आणि हात लांबवून फोन हितेशपुढे धरला. "घे. तू लिहिलंस, तूच सांग."

हितेशने निरीतकडे पाहिलं. निरीतने नजर वळवली नाही. आपल्या आयुष्यात कुणाकडे इतक्या रागाने आणि इतका वेळ बघितल्याचं तिला आठवत नव्हतं.

"रोनेनभाई," हितेश म्हणाला, "मी हितेश. आई ठीक आहेत, समोर उभ्या आहेत. पण तो मेसेज... तो खोटा आहे. आज दुपारपासून त्या जमिनीवर पडून होत्या. आम्हीच पडायला सांगितलं होतं. मशीनला कळलं नाही."

पलीकडून रोनेनचा आवाज आला, एकदम लहान मुलासारखा. "आजचा खोटा आहे?"

हितेशने डोळे मिटून घेतले. "सगळ्या शनिवारचे."

"इतके शनिवार मी ते वाचून निवांत झोपलो," रोनेन म्हणाला. मग तो हितेशला काय काय बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही. अर्धं हिब्रूत होतं आणि अर्धं पनवेलीच्या मराठीत, आणि पनवेलीचं अर्धं जास्त तिखट होतं. हितेशने फोन खाली ठेवला नाही, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याच्याविषयी एक चांगली गोष्ट सांगायची तर ही.

सोमवारी निरीतने अनुत्तीर्ण लिहिलं. पळस्प्याची दिवाळी टळली, मिठाई ऑफिसातच वाटावी लागली आणि कुणाच्या घशाखाली उतरली नाही. हितेश कितीतरी दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. तिचंही त्याच्यावाचून अडलं नव्हतं. तो 'मॅडमची सुट्टी' म्हणाला होता, ते ती विसरलेली नाही. विसरणारही नाही. आणि शनिवार आपल्याला आधी का सुचला नाही, हेही ती स्वतःला माफ करत नाही.

डब्या तिने पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतल्या. आता नियम वेगळा आहे. घर गप्प झालं आणि कारण कळत नसलं, की ठिपका लाल. सवय असो वा नसो. परसदाराला डबी लागली. मझलआत्याचा ठिपका दर शनिवारी दुपारी लाल होतो, मग रोनेन गंगाबाईंना फोन करतो, आणि गंगाबाई परसदारातून शिरत फोनमध्ये ओरडतात, "जित्ती हाय तुजी आय! माज्याशी भांडते. ठेव आता, चा टाकाचा हाय."

परवा हितेश निरीतच्या टेबलापाशी आला. पळस्प्याच्या लोकांना नवा नमुना दाखवायचा होता. सगळं पसंत आहे म्हणाला, फक्त एक छोटीशी गोष्ट.

"लाल रंग बघून गिऱ्हाईक घाबरतं. त्याऐवजी फिकट हिरवा केला तर? सौम्य दिसेल."

केतनने हळूच आपली खुर्ची मागे घेतली.

"एक मिनिट," निरीत म्हणाली.